दम धरा, मागून गाडी हाय

आमच्या घरात कुणी कुणाला "थांब" म्हणत नसे. अप्पा म्हणायचे, "दम धर." आई देगलूरकडची. ती घाईत असली की तिच्या तोंडात तेलुगू यायची, मग ती म्हणायची, "आगु गे, आगु." दोन्हींचा अर्थ एकच, आणि दोन्ही मला दिवसातून कितीदा ऐकावं लागे त्याला सुमार नाही, कारण मला थांबताच येत नव्हतं. तव्यावरची भाकरी पुरती फुगायच्या आत मी ताट पुढे करायची. न्हाणीत पाणी तापायच्या आत तांब्या बुडवायची. शाळेत बाईंचा प्रश्न संपायच्या आत माझा हात वर जायचा आणि निम्म्या वेळा उत्तर भलत्याच प्रश्नाचं निघायचं. बसल्या जागी माझा उजवा पाय हलायचा, इतका की बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीचं अक्षर बिघडायचं आणि ती बाईंना सांगायची. अजून हलतो. हे लिहितानाही टेबल हलून राहिलंय, आणि आतल्या खोलीतून आमचे हे विचारून गेले की शिलाई मशीन चालू आहे का. तीस वर्षं तोच विनोद करतात, मीही तीस वर्षं चिडते.

अप्पा नांदेडच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीमागे, जाळीच्या आत बसायचं, कोणती गाडी आली, कोणती गेली, किती मिनिटं उशिरा, ते लिहायचं, कंडक्टरच्या कागदावर सही करायची आणि माईकवरून पुकारा करायचा. त्यांचा आवाज साऱ्या स्टँडवर घुमायचा. आम्ही रेल्वेफाटकापलीकडे राहायचो, वारा तिकडून असला की दुपारी आईला भांडी घासता घासता नवरा ऐकू यायचा. "देगलूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे" असं आलं की ती उगाच पदर सावरायची, माहेरची गाडी म्हणून. त्या खिडकीवर दर पाच मिनिटांनी कुणीतरी येऊन आदळायचं. साहेब, बिलोली गेली का? गेली. आता ओ? अन् अप्पा मान वर न करता म्हणायचे, "दम धरा, मागून गाडी हाय." हे वाक्य ते घरीही वापरायचे. भाजी संपली, भावाचा निकाल नीट लागला नाही, स्कॉलरशिपच्या यादीत माझं नाव आलं नाही, काहीही झालं तरी दम धरा, मागून गाडी हाय. आणि याच माणसाची स्वतःची मात्र आयुष्यात एकही गाडी चुकली नव्हती. लग्नाला जायचं असलं की आम्ही सगळे तासभर आधी स्टँडवर जाऊन बसायचो, आणि वऱ्हाडाला जेवढं लग्नाचं कौतुक तेवढंच अप्पांच्या वक्तशीरपणाचं हसू.

सुट्टीच्या दिवशी ते मला सोबत न्यायचे. जाळीच्या आत एका स्टुलावर मी, हातात शेंगदाण्यांची पुडी. गर्दी जरा ओसरली की आमचा खेळ चालायचा. लातूर गाडीचे थांबे एका दमात म्हणायचे. नांदेड, सोनखेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर, चाकूर, लातूर. मी ते असे भराभर फेकायची की शेवटची दोन गावं एकमेकांत घुसायची. अप्पा म्हणायचे, "हे असं न्हाई. तुझ्या गाडीतून एक माणूस उतरला का मधी? माळाकोळीची म्हातारी पाटी घेऊन उठलीय, तिला खाली पाय तर टेकवू दे." मग ते स्वतः म्हणून दाखवायचे. एकाच श्वासात, पण प्रत्येक गावाला गाडी उभी राहतेय, दार उघडतंय, माणसं उतरतायत, असं ऐकू यायचं. मला तो खेळ कंटाळवाणा वाटायचा. जिंकायचं कसं तेच कळायचं नाही त्यात.

दहावीला मार्क चांगले पडले आणि त्या काळी आमच्या भागात चांगले मार्क पडलेल्या पोराचं जे करायचे तेच माझं केलं, लातूरला पाठवलं. सगळे म्हणायचे सुमनला डॉक्टर व्हायचंय. मला डॉक्टर व्हायचं होतं की नाही, देव जाणे. पण लातूरला राहायचं होतं हे नक्की, पहिल्याच आठवड्यात ठरलं माझं. कारण तिथे सगळीच माणसं माझ्यासारखी घाईत होती. पहाटे पाचला सायकलींच्या घंट्या, गल्लीगल्लीतून वह्या छातीशी धरून पळणारी पोरं, चहा पिता पिता सूत्रं म्हणणारी, रस्ता ओलांडताना ओठ हलवणारी. नांदेडात मी घरातली अवखळ पोरगी होते, जिला सतत आगु म्हणावं लागे. लातुरात मला कुणी थांब म्हणत नव्हतं. आईनं पाठवताना एकच अट घातली होती, तीही माझ्यादेखत, अप्पांना उद्देशून: "तब्येत बिघडली की त्याच गाडीनं परत आणायची. मला काही ऐकून घ्यायचं न्हाई." मी तेव्हा हसले होते. माझी तब्येत कशाला बिघडते?

राहायला अप्पांच्या थोरल्या बहिणीकडे, आत्याकडे. तिला मूलबाळ नव्हतं आणि यजमान वारून बरीच वर्षं झाली होती. घर दाळमिलच्या मागच्या गल्लीत. दिवसभर मिलची घरघर आणि अंगणात तुरीच्या फोलपटांची पिवळी पूड. आत्या सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्यावर नजर, आणि मग कितीतरी वेळ ती हलायचीच नाही. तिचा हात एवढासाही कापत नसे. लिंग माझ्याही गळ्यात होतं, पण माझी पूजा दोन मिनिटांत आटपायची, एक डोळा घड्याळावर. ती डोळे न उघडता म्हणायची, "झालं का? शिवाला नमस्कार केला का नुसतं तोंड दाखवलं?" स्वयंपाक मात्र तिच्या हातचा. भाजलेल्या पिठामसाल्याच्या येसराची आमटी, वरून कच्चं तेल, ज्वारीची पातळ भाकरी, आणि रविवारी चुरमुऱ्यांचा सुशीला, लिंबू पिळून. तो सुशीला मी उभ्यानंच खायची, कारण रविवारी परीक्षा असायची.

दर रविवारी परीक्षा, आणि सोमवारी फळ्याशेजारी यादी. नंबर वरून खाली लावलेले. पहिल्या दोन्ही याद्यांत मी वरच्या टोकाला होते, पहिला नंबर मात्र हुकला. तिसऱ्या रविवारी पेपर हातात आला, पहिला प्रश्न वाचला, येत होता. लिहायला घेतलं आणि मला वर्गातली पेनं ऐकू यायला लागली. इतकी सगळी पेनं, कागदावर खरखर, सगळी माझ्यापेक्षा पुढे. मी वेग वाढवला तर छातीत काहीतरी अडकलं. श्वास आत जाईना. जात होता, पण पुरेना, म्हणून आणखी घेतला, आणखी घेतला, तशी बोटं बधिर झाली आणि ओठांभोवती मुंग्या आल्या. मला वाटलं, मी मरतेय. हे मी अतिशयोक्तीनं लिहीत नाही. सोळा वर्षांची पोरगी लातूरच्या एका वर्गात बसून, आता आपण मरणार आणि पेपर अर्धा राहणार, असा विचार करत होती, आणि तिला वाईट पेपरचं वाटत होतं. मी उठून बाहेर पळाले. सोमवारच्या यादीत माझं नाव खालून शोधावं लागलं.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तर वर्गाच्या दारातच. आत्यानं निदान करून टाकलं, दमा. तिच्या सासऱ्यांना होता, तिनं बघितला होता. लगेच दही बंद, केळं बंद, रात्री हळदीचं दूध आणि सकाळी अडुळशाचा काढा, आणि गल्लीतल्या बायकांना बातमी. मी घराबाहेर पडले की शेजारीण हळहळून विचारायची, "कसा हाय बाई दम?" शेवटी आत्या मला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी पुढून-मागून नळी लावली, फुंकर मारायला सांगितली, आणि म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. पोरीला ताण आलाय. आसनं, प्राणायाम सुरू करा, कमी होईल." आत्या बाहेर आल्यावर पायरीवर थांबली. "ताण? दोन वेळचं बसून खाऊन ताण कशाचा म्हणते मी." तिचं चुकत नव्हतं. ताण हा शब्द तेव्हा आम्हाला दोरीपुरता आणि कपडे वाळत घालण्यापुरता ठाऊक होता. आता आमच्या गल्लीतल्या पहिलीतल्या पोराला टेन्शन असतं आणि माझ्या मनगटावर भाचीनं बांधलेलं घड्याळ तासातासाला थरथरून मला श्वास घ्यायची आठवण करून देतं. त्या थरथरीनंच दचकायला होतं मला.

आमच्या कॉलेजात पटेल सर होते, कवायतीचे. पोट सुटलेलं, गळ्यात शिट्टी, बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. ते पहिल्या तासाआधी पत्र्याच्या शेडमध्ये योगाचा वर्ग घ्यायचे, मोफत, येईल त्याला. सतरंजीला रॉकेलचा वास, कारण ती रॉकेलच्या डब्यांशेजारी ठेवत. आठदहा पोरं यायची, त्यातली निम्मी शवासनात घोरायची. सर आसनांची नावं फळ्यावर लिहायचे आणि समजावताना स्वतःचीच भाषा करायचे. "ये भ्रामरी. म्हंजे भुंगा. भुंग्यासारखं गुणगुणायचं, पर भुंगा घाई करत न्हाई." मला त्यांच्यावर विश्वास बसेना. ज्याला स्वतःच्या पायाचे अंगठे धरता येत नाहीत तो मला काय शिकवणार, असं मनात. पण गेले, कारण घरी काढा होता.

आणि तिथेही मी परीक्षाच दिली. सर म्हणायचे, एका नाकपुडीनं घ्या, दुसरीनं सोडा, दमानं. बाकीच्यांची तिसरी फेरी चालू असायची तेव्हा माझ्या नऊ झालेल्या असायच्या. मी मोजायची ना. जास्त केलं की लवकर बरं वाटेल आणि लवकर बरं वाटलं की नंबर वर येईल, असा माझा हिशोब. कपालभाती तर मी अशी करायची की शेजारची पोरगी सतरंजी सरकवून घ्यायची. पंधरा दिवस झाले, रविवारचं काही बदललं नाही, तेव्हा मी फेऱ्या दुप्पट केल्या.

एके दिवशी अशीच भात्यासारखा श्वास फुंकत बसले होते, डोकं हलकं झालेलं, आणि सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "ए नांदेडवाली, दम धर जरा." एवढंच. जन्मभर ऐकलेलं वाक्य. अप्पांच्या तोंडून हजारदा ऐकलेलं, अर्थ काय ते मला झोपेतही कळलं असतं. पण त्या शेडमध्ये, त्या सतरंजीवर, फळ्यावर प्राणायाम असं लिहिलेलं असताना, मला वाटलं ही पुढची पायरी. मी दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरल्या, तोंड मिटलं आणि दम धरला. आणि धरला तो धरलाच. सरांना तेवढ्यात ऑफिसातून शिपाई बोलवायला आला, ते दारापाशी गेले. सोडायला कुणी सांगेना. मी म्हटलं, आता ह्यात तरी पहिला नंबर. पत्र्याच्या भोकातून येणारा उजेड आधी पिवळा झाला, मग काळा, आणि मी पुढच्या पुढे तोंडावर पडले. हनुवटी फुटली. दोन टाके. ती खूण अजून आहे, पोरं विचारतात तर मी सांगते, योगानं झाली.

संध्याकाळी पटेल सर आत्याच्या घरी आले. हातात मोसंब्यांची पिशवी, पायऱ्यांखालीच चप्पल काढून उभे. आत्यानं पाट दिला तरी बसले नाहीत. "बाई, मैं तो रुक बोल्या. जरा ठहर बोल्या. इने तो सासच रोक ली." आत्यानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि ते गेल्यावर म्हणाली, "मास्तर भला हाय, पण लपवून राहिला. दम्याचा झटका होता तो." मी मान खाली घातली. मला खरं सांगायची लाज वाटली. श्वास धर आणि थांब यातला फरक न कळणारी पोरगी लातूरला शिकायला आलीय, हे कुणाला सांगणार?

आमच्या घरचे निरोप टपालानं जात नसत, कंडक्टरच्या तोंडी जात. आत्यानं सकाळच्या नांदेड गाडीच्या कंडक्टरला सांगितलं, पोरीला दम लागला, पडली, दोन टाके पडले, काळजीचं काही न्हाई. नांदेडला उतरेपर्यंत काळजीचं काही न्हाई हे वाटेत कुठेतरी गळालं होतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला अप्पा दारात. खाकी कपड्यातच, ड्युटीवरून सरळ. त्यांनी माझी हनुवटी वर करून बघितली. आत्याच बोलली. "घेऊन जा बाबा हिला. लेकीसारखी हाय म्हणूनच सांगून राहिले. उद्या कमीजास्त झालं तर मी तुला तोंड काय दाखवू?"

अप्पा माझ्याकडे वळले. "बांध ट्रंक."

"मला न्हाई जायचं."

"कॉलेजं नांदेडलाबी हायत."

"मला दमा न्हाई, अप्पा. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग काय हाय?"

ताण म्हणाले असते तर आत्या पुन्हा दोन वेळच्या जेवणावर आली असती. मी ट्रंक बांधली, वह्या आदळत, कपडे कोंबत, आणि प्रत्येक गोष्टीला डोळ्यांतलं पाणी पुसत. इतका राग मला पुन्हा कधी आला नाही. राग अप्पांचाही नाही, आत्याचाही नाही. माझ्याच छातीचा. मी राहायचं म्हणत होते आणि ती पळायचं म्हणत होती, आणि सगळे तिचं ऐकत होते. आत्यानं वाटेसाठी धपाटे आणि दही बांधून दिलं. दही माझ्यासाठी बंद होतं, हे ती घाईत विसरली.

लातूरच्या स्टँडवर एकच्या गाडीला वीस मिनिटं होती. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो, पायाशी ट्रंक. तिथला कंट्रोलर अप्पांचा ओळखीचा, त्यानं खिडकीतून हात केला, चहाला बोलावलं, अप्पांनी नको म्हणून हात हलवला. मग त्याचा पुकारा झाला. चाकूर, अहमदपूर, लोहा मार्गे नांदेडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर. गाडी लागली, माणसं धावली, खिडक्यांतून टॉवेल आत पडले, आणि माझी बोटं बधिर झाली. पहिल्यांदाच परीक्षेविना. मी ट्रंकेची कडी धरून ठेवली, श्वास घेतेय, घेतेय, पुरत नाही. अप्पा शेजारी. त्यांनी हे आजवर बघितलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. ते माझ्याकडे एकटक बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर घाबरणं नव्हतं. ओळख होती.

कंडक्टर दारातून ओरडला, "अप्पा, चला की, पुढची दोन सीटं ठेवलीत."

"जाऊ द्या तुम्ही," अप्पा म्हणाले. "मागून गाडी हाय."

गाडी गेली. अप्पांनी माझा हात कडीवरून सोडवला. म्हणाले, "ओठाला मुंग्या येतात?" मी मान हलवली. "बोटं?" हलवली. "मरतो असं वाटतं?" तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोरच्या फलाटाकडे बघत होते. "मलाबी होतंय," ते म्हणाले, "वयाच्या विसाव्या सालापासून. मला डिव्हिजनच्या ऑफिसात बढती देत होते, का घेतली न्हाई ठाव हाय? तिथं चार माणसांपुढं उभं राहून बोलावं लागतं. हितं जाळीच्या आत बरं असतं. लोकांला आवाज जातो, धडधड माझी माझ्यापाशी राहते." मग म्हणाले, "तुझ्या आईलाबी ठाव न्हाई."

मला काय वाटलं ते आजही नीट लिहिता येत नाही. माझा आवाजदार बाप, ज्याच्या पुकाऱ्यानं सारं स्टँड हलायचं, तो रोज त्या बटणावर बोट ठेवून आधी भीती गिळत होता. मला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

मी विचारलं, "मग तुम्ही काय करता?"

"बटण दाबायच्या आधी एकदा गाडी काढतो. मनातल्या मनात. घेताना काही म्हणायचं न्हाई. सोडताना म्हणायचं, लातूर, चाकूर, अन् दर गावाला माणूस उतरू द्यायचा. घ्यायची फिकीर करू नको, ती आपोआप भरती. सोडायला शिक. तू नुसती भरून राहिलीस, उतरवून कुणालाच न्हाई राहिलीस."

आम्ही म्हणायला लागलो. पहिल्यांदा माझी गाडी चाकूरलाच बंद पडली. दोनची गाडी लागली, त्याही कंडक्टरला अप्पांनी हात केला. माझं मोजणं सुरू झालं की त्यांना लगेच कळायचं, "आकडे नको. आकड्यानंच बिघडलीस तू. गावं म्हण." तिसरी गाडी गेली तेव्हा मी अहमदपूरला पोचले होते आणि बोटांत रक्त आलं होतं. आम्ही धपाटे काढले, दह्यात बुडवून खाल्ले. खाता खाता त्यांनी विचारलं, "सरांनी दम धर म्हटल्यावर तू खरंच श्वास धरलीस?" म्हणजे निरोपानंतर घरचं कुणीतरी येणार हे धरून पटेल सर सकाळी स्टँडवर थांबले होते आणि अप्पा उतरताच त्यांना सगळं सांगून गेले होते. मी हो म्हटलं. ते हसले नाहीत. धपाट्याचा तुकडा हातात धरून म्हणाले, "माझंच चुकलं. जन्मभर सांगितलं दम धर, दम धर. सोड म्हणून एकदाबी सांगितलं न्हाई." चौथ्या गाडीला तिथला कंट्रोलर स्वतः खिडकीतून बाहेर डोकावून बघून गेला, हा माणूस ठीक आहे ना म्हणून.

तो उपाय रामबाण होता असं कुणी समजू नये. पुढच्या रविवारीही माझी छाती अडली. फरक एवढाच की मी पळाले नाही, गाडी काढली, आणि पेपरावर लक्ष ठेवणाऱ्या सरांनी येऊन दरडावलं, "काय पुटपुटतेस गं?" मी म्हणाले, "लोहा, सर." त्यांनी माझी कंपासपेटी उघडून बघितली. पहिला नंबर मला कधीच मिळाला नाही. डॉक्टरही झाले नाही, केमिस्ट्री शिकवली आयुष्यभर, आणि पटेल सरांच्या शेडमध्ये मात्र दोन्ही वर्षं गेले, फेऱ्या न मोजता. पुढे योगाचे रीतसर वर्गही केले, नावं, प्रकार सगळं शिकले. श्वास सोडण्याला शास्त्रात किती महत्त्व आहे ते तिथे मोठ्या शब्दांत सांगितलं जातं, मी मान डोलावते. अप्पा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अजूनही कधी कधी बाजारात, बँकेच्या रांगेत, काही कारण नसताना बोटांना मुंग्या येतात. मी माळाकोळीला म्हातारीला उतरवते, पाटीसकट. लातूरला पोचेपर्यंत बहुतेकदा जमलेलं असतं. कधी नाही जमत.

त्या संध्याकाळी स्टँडवर उरली होती सहाची, पाचवी गाडी. तिच्यानंतर थेट नांदेडला त्या दिवशी काही नव्हतं. पुकारा झाला आणि अप्पा उठले. मीही उठले, ट्रंकेला हात घातला. त्यांनी माझा हात बाजूला केला, ट्रंक उचलली आणि गाडीकडे न जाता फाटकाकडे चालू लागले. तिथे एका सायकलरिक्षात ती ठेवली, रिक्षावाल्याला आत्याच्या गल्लीचं नाव सांगितलं. "आईला?" मी विचारलं. "तिचं मी बघतो." मग पळत जाऊन ते गाडीत चढले, आणि खिडकीशी बसले तेव्हा त्यांची छाती वरखाली होत होती, पळण्यानं की कशानं, कळलं नाही. मी खिडकीखाली उभी राहिले. त्यांनी काच सरकवली, बोलायला तोंड उघडलं आणि काही निघेना. मी हळूच म्हणाले, "लातूर." त्यांनी श्वास सोडला. "चाकूर," मी म्हणाले, "शिरूर." गाडी हलली तेव्हा आम्ही अहमदपूरला होतो.

रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा मिल बंद होत होती. आत्या अंगणात फोलपटं झाडत होती. तिनं आधी ट्रंक बघितली, मग मला, मग माझ्यामागे रिकामा रस्ता.

"काहून आलीस? गाडी चुकली?"

"हाव."

"अप्पा संग असताना?" झाडू तिच्या हातातच राहिला. "त्याची आजपस्तोर एक गाडी चुकली न्हाई."

"आज त्यांच्या चार चुकल्या, माझ्या पाच," मी म्हणाले, आणि ट्रंक आत नेली.